पनवेल ते ढाका, मार्गे थिंफू

माझ्या घरमालकांनी तीस वर्षं एसटीच्या गाड्या सोडल्या. पनवेल स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसायचे, ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्यूट्या लावायचे आणि भोंग्यावरून अलिबाग, महाड, खोपोली अशी नावं पुकारायचे. निवृत्त झाले, करंजाड्यात घर बांधलं, पण त्या खिडकीमागून काही उठले नाहीत. ओट्यावर खुर्ची, पुढे लोखंडी टेबल, टेबलावर नोंदवही आणि मागच्या भिंतीवर पिवळ्या पत्र्याची, काळ्या अक्षरांत रंगवून घेतलेली पाटी: पनवेल – काठमांडू – थिंफू – ढाका – पनवेल. खाली बारीक अक्षरांत, मार्गे धुळे, सोनौली, फुंत्शोलिंग.

वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती पाटी वाचून हसले.

"हसू नका," ते म्हणाले. "मार्ग मंजूर आहे."

कुणी मंजूर केला, असं मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि लगेच पुढचा मुद्दा घेतला. फाटक पहाटे पाचला उघडेल, रात्री साडेदहाला बंद होईल, मधल्या वेळेत येण्याजाण्याची नोंद राहील. मी म्हटलं, ही पाळत झाली, आणि पाळतीविरुद्ध मी गेल्याच महिन्यात पत्रक काढलंय. ते म्हणाले, काढा की, पण वाटायला जाल तेव्हा किती वाजता निघालात ते सांगून जा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराविरुद्ध एक लहानशी संघटना होती, तिची पत्रकं मी लिहायचे, छापून आणायचे आणि नाक्यानाक्यावर वाटायचे. त्यामुळे मला त्यांनी पहिल्याच दिवशी पत्रकबाई केलं. त्यांना स्वतःला सगळे कंट्रोलर म्हणत. दूधवाला म्हणे, शेजारी म्हणत, रागावल्या की त्यांच्या बायकोसुद्धा म्हणत. त्या उरणकडच्या. त्यांना मी मावशी म्हणायचे.

उशीर झाला की कंट्रोलरना कारण द्यावं लागे. मान्य कारणं चारच: बिघाड, वाहतूक कोंडी, दरड आणि मोर्चा. मैत्रीण भेटली हे कारण नव्हतं. झोप लागली हे तर नव्हतंच. माझ्या नावापुढे वर्षभर मोर्चा, मोर्चा, मोर्चा असंच लिहिलेलं आहे, आणि त्यातले निम्मे मोर्चे कुठेही निघालेले नाहीत.

स्वतः मात्र ते जातील तिथे सायकलने जात. बाजारात सायकल, बँकेत सायकल, उरणला सासरवाडीत लग्न असलं तरी सायकल. मावशी रिक्षाने पुढे आणि हे मागून घामाघूम, कधी कधी जेवणाची पहिली पंगत उठल्यावर पोचणारे. मी याला साधी राहणी समजत होते. एका पत्रकात तर 'प्रदूषणाविरुद्ध स्वतःच्या पायांनी लढणारे ज्येष्ठ नागरिक' म्हणून मी त्यांचा उल्लेखही केला होता. तो त्यांनी वाचला, 'नागरिक' शब्दाखाली रेघ मारली आणि पत्रक फाईलला लावलं.

आणि खिशात लिंबू. शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक ताजं लिंबू. आमच्या संघटनेत अंधश्रद्धेचा विषय माझ्याकडेच होता, त्यामुळे एका रविवारी मी त्यांना समोर बसवून पाऊण तास ऐकवलं. नजर, करणी, उतारा, भोंदूगिरीचं अर्थकारण, काही ठेवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातलं लिंबू काढून एकदा हुंगलं, परत ठेवलं. "मुद्दे चांगले आहेत," म्हणाले. "वेळ जास्त घेतलात."

आता त्या पाटीवरच्या प्रवासाचं. लोक फिरायला जाताना हॉटेलं शोधतात, देवळं शोधतात. कंट्रोलरनी वेळापत्रक केलं. लांबलचक कागदावर, स्टीलच्या पट्टीने आखून, कार्बन घालून तीन प्रती. प्रत्येक गावाचं आगमन, प्रत्येक गावाचं निर्गमन. चहाला बारा मिनिटं, जेवणाला चाळीस. काठमांडूत मुक्काम तीन रात्री, थिंफूत दोन, ढाक्यात एक. मोबाईलवर नकाशे नुकतेच आले होते. मी मोठ्या उत्साहाने ते दाखवले. त्यांनी चष्मा सरकवून बघितलं आणि फोन मला परत दिला. "हा रस्ता सांगतो," म्हणाले. "थांबा सांगत नाही."

थांबा हा त्यांचा खास विषय. दर चाळीस मिनिटांनी थांबा. गाव असो नसो, झाड असो नसो, चाळीस मिनिटं झाली की गाडी बाजूला आणि दहा मिनिटं विश्रांती. या हिशोबाने नेपाळच्या हद्दीपर्यंत पोचायलाच आठ दिवस लागत होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही सहल नाही, ही पालखी आहे. ते पट्टी पुसत राहिले.

सीमेवरच्या कचेऱ्यांना त्यांनी पत्रंही लिहिली होती. 'विषय: चारचाकी वाहन विनाविलंब पुढे सोडणेबाबत.' नेपाळच्या जकात नाक्याला पाठवायचं पत्र मराठीत होतं. मी म्हटलं, अहो, तिथे मराठी कोण वाचणार? "अक्षर तर आपलंच आहे ना?" ते म्हणाले. "वाचता येईल. समजलं नाही तर विचारतील." भूतानचं पत्र माझ्याकडून इंग्रजीत करून घेतलं आणि ढाक्याचं एका बंगाली मिठाईवाल्याकडून, अर्धा किलो संदेश घेतल्यावर. उत्तर कुठूनच आलं नाही. तिन्हींपुढे त्यांनी लिहून ठेवलं: पोच प्रलंबित.

गाडी चाचांची. चाचा पनवेलच्या मोहल्ल्यातले, तरुणपणी एसटीत कंट्रोलरच्या हाताखाली ड्रायव्हर, मग कित्येक वर्षं कुवेतला ट्रेलरवर, आता घरी परतलेले. कुवेतहून सौदी, सौदीहून जॉर्डन, हद्दी त्यांना उंबरठ्यासारख्या. मला म्हणायचे, "बेटा, सरहद्दीवर माणसाकडे कोण बघत नाही. कागज बघतात. कागज सीधा तर तू सीधा." त्यांची जीप जुनी होती पण कागद सीधे होते. बांगलादेशात परकी गाडी न्यायला गाडीचाही पासपोर्टासारखा एक दाखला काढावा लागतो. तो चाचांनी वर्षभर चकरा मारून मिळवला. प्रवासी चार ठरले होते: कंट्रोलर, मावशी, चाचा आणि चाची.

आठवड्यातून दोनदा पहाटे चाचांची जीप फाटकाशी यायची. कंट्रोलर मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसायचे, आणि तासा-दोन तासांनी दोघं पेणच्या बाजारातली मासळी घेऊन परत यायचे. माझा समज, म्हाताऱ्यांची चैन चाललीय. परतल्यावर कंट्रोलर कुणाशी बोलत नसत. चेहरा मेणासारखा. मला वाटे, सकाळचे असतातच काही लोक तसे.

या सगळ्या खटाटोपात ज्यांच्यासाठी काहीतरी खरंच पणाला लागलं होतं त्या मावशी.

मावशींचा पासपोर्ट पापडाच्या डब्यात असे. पाटी रंगवून आली त्याच महिन्यात त्यांनी तो काढून घेतला होता. फोटोत डोक्यावरून पदर, आणि कॅमेऱ्याकडे अशा बघतायत की जणू त्याने पापलेटचा भाव पाडून मागितलाय. अधूनमधून त्या डबा उघडत, पासपोर्ट पुसत आणि एकेक पान उलटत. सगळी कोरी. नेपाळ-भूतानला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे तिथे शिक्काही नाही. शिक्का मिळणार तो बांगलादेशच्या हद्दीवर. पाटीवर ढाका आलं ते मावशींच्या हट्टाने.

"उरनला आमच्या घरामागून बोटी दिसायच्या," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "आमी मासली निवडतोय, बोटी चालल्या. आमी धुनी धुतोय, बोटी चालल्या. कोनी इचारलं नाय, काय गो, येतंस काय."

मी राहायला आले तेव्हा पासपोर्टाच्या दहा वर्षांतली आठ गेली होती. शेवटच्या सहा महिन्यांत व्हिसा मिळत नाही. म्हणजे हातात दीड वर्ष. मी म्हटलं, नवीन काढून मिळतो, अर्ज मी भरून देते. "काढीन गो नवीन," मावशी म्हणाल्या. "पन ह्यो कोराच जायचा ना?"

आणि गाडी काही सुटत नव्हती. आधी पावसाळा आडवा आला म्हणून दसऱ्यावर गेली. दसऱ्याला नेपाळात मोठा सण, कचेऱ्या बंद, म्हणून पुढे गेली. पुढे भूतानात बर्फ. दर वेळी पाटीवर एक छोटी पाटी अडकायची: तांत्रिक कारणास्तव रद्द. दर वेळी मावशींनी प्रवासाची तयारी केलेली असायची, तांदळाचं पीठ, खोबऱ्याची चटणी, तळून मसाला लावलेली सुकट, कारण भूतानात सुकट मिळत नाही याची त्यांनी चाचांकडून खात्री करून घेतली होती. फेरी रद्द झाली की ती सुकट आम्ही भाडेकरू खायचो. फार चांगली असायची. खाताना मला राग यायचा.

शेवटचं निमित्त मीच पुरवलं. तारीख ठरली होती, पंधरा दिवस उरले होते, मावशींनी साडीला इस्त्री करून ठेवली होती. ओट्यावर बसून मी वेळापत्रक चाळत होते आणि सहज म्हणाले की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं.

कंट्रोलरनी पेन्सिल खाली ठेवली. "तास पुढे असतो," ते म्हणाले. "अर्धा तास असतो. पंधरा मिनिटं कुणी पुढे असतं का?"

उठून ते शेजारच्या इमारतीच्या नेपाळी वॉचमनकडे गेले. दहा मिनिटांनी परत आले. वॉचमनने दुजोरा दिला होता. भूतान आणि बांगलादेश अर्धा तास पुढे, हेही त्यानेच सांगितलं होतं. नेपाळच्या हद्दीवरच्या सोनौलीपासून पुढची प्रत्येक वेळ, प्रत्येक आगमन, प्रत्येक निर्गमन चुकीचं. कंट्रोलरनी तिन्ही प्रती गोळा केल्या आणि छोटी पाटी खिळ्याला लावली. आत मावशींनी पापडाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि बंद केल्याचा.

माझं डोकं फिरलं. वाटलं, हा माणूस कधीच निघणार नाही. याला वेळापत्रक हवंय, प्रवास नकोच आहे, आणि याच्या कागदाखाली एक बाई आठ-नऊ वर्षं दबून बसलीय. मग मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं.

'एका कोऱ्या पासपोर्टाचा जाब.' मथळा ठळक, खाली दोन परिच्छेद. तीस वर्षं परक्यांच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाने घरच्या बाईची गाडी किती वर्षं अडवून ठेवायची? ही दिरंगाई नाही, ही सत्ता आहे. आणि शेवटी मागण्या तीन. एक, सुटण्याची तारीख जाहीर करा. दोन, रद्दची पाटी कायमची काढा. तीन, वेळकाढू थांबे बंद करा. चाळीस प्रती झेरॉक्स केल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवर लावली, रिक्षा स्टँडवर लावली, आमच्या फाटकावर लावली, आणि एक एसटी स्टँडवर, त्यांच्या जुन्या खिडकीच्या काचेला. ती चिकटवताना मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

दोन दिवसांत सगळीकडे झालं. स्टँडवरचे जुने लोक हसले, भाजीवाली हसली.  कंट्रोलरनी मोठी पाटी उतरवून भिंतीशी उलटी टेकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी मी सव्वानऊला बाहेर पडले, ते खुर्चीत बसले होते, वही मिटलेली होती, आणि त्यांनी मला वेळ विचारली नाही.

त्या संध्याकाळी मावशी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"ह्यात माजी गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "माला इचारलंस?"

अन्यायाविरुद्ध बोलायला परवानगी लागत नाही, असं मी म्हणाले. हे वाक्य मी अनेक सभांत वापरलं होतं आणि दर वेळी टाळ्या पडल्या होत्या.

मावशी माझ्या खाटेवर बसल्या. थोडा दम घेतला.

"त्यांना गाडी लागते गो," त्या म्हणाल्या.

मला पटकन उमगलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, खाली ऐकू जाऊ नये अशा बेताने. लागते म्हणजे उलट्या होतात. लहानपणापासून. बस असो, जीप असो, रिक्षा असो, पाच-दहा मिनिटांत तोंडाला पाणी सुटतं, डोळे फिरतात. एसटीत नोकरी लागली ती खिडकीमागची, म्हणून निभावलं. लग्नाला वऱ्हाड गाडीने आलं आणि नवरदेव आदल्या दिवशीच सायकलने हजर, सांगितलं काय, तर व्यवस्था बघायला आलोय. पुढे बढती आली, विभागाच्या कचेरीत, रोज जाऊन येऊन करण्याजोगी. नाकारली. लोकांना वाटलं, माणसाला हाव नाही. डेपोत कुणाला कळू दिलं नाही. ज्याने दिवसाला शेकडो लोकांना गाडीत बसवायचं, तोच गाडीत बसून ओकतो, हे कळलं तर खिडकीत तोंड कसं दाखवणार? लिंबू त्याच्यासाठी. सायकल त्याच्यासाठी. आणि पहाटेची जीप चाचांना शपथ घालून ठरवलेली. सराव चालला होता. आधी खांदा कॉलनीपर्यंत बारा मिनिटं. मग पळस्पे. मग आणखी पुढे. पोट सांभाळत, उतरत, परत बसत. ज्या आठवड्यात सराव बिघडे त्या आठवड्यात काहीतरी कारण निघे आणि फेरी रद्द होई. नेपाळचं घड्याळ मी आयतं हातात दिलं होतं.

"आठ वर्सांत बारा मिनटांवरून चालीस मिनटांवर आलेत," मावशी म्हणाल्या. "माज्या शिक्क्यासाठी. आन तू लिवतंस, थांबे बंद करा."

पत्रक त्यांनी खाटेवर ठेवलं आणि जिना उतरून गेल्या.

आमच्या संघटनेचा नियम होता की चूक छापली तर दुरुस्तीही छापायची, तेवढ्याच अक्षरांत, तेवढ्याच ठिकाणी लावायची. एका कारखान्याच्या बाबतीत मी ते केलंही होतं, दात-ओठ खात. पण ही दुरुस्ती छापता येत नव्हती. छापली की जे त्यांनी जन्मभर झाकलं तेच रिक्षा स्टँडवर लागणार. मी चाळीसच्या चाळीस जागी हिंडले आणि सापडतील ती पत्रकं नखांनी खरवडून काढली. काचेवरचं नीट निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यांच्यासमोर उभी राहिले. गोड बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "काका, मला कळलंय. मी चुकले, माफी मागते. पण यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मला खरंच कळत नाही. लाखो लोकांना लागते."

त्यांनी मिटलेली वही टेबलाच्या कडेशी सरळ लावली.

"प्रवाशाला लागते," ते म्हणाले. "नियंत्रकाला लागत नाही."

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, वेळापत्रकाची मूळ प्रत काढली, पट्टी काढली, लाल पेन्सिल काढली. "तुमची तिसरी मागणी योग्य आहे," म्हणाले. "थांब्यांमुळे फेरी फार लांबते. तेवढी रजा चाचींना मिळत नाही." चाची शाळेत शिकवायच्या. हे खरंच होतं.

आणि ते थांबे खोडू लागले. पट्टी लावायची, रेघ मारायची, खाली सरकायचं. कसारा घाटाखालचा, खोडला. इगतपुरीनंतरचा, खोडला. धुळ्यापर्यंत नुसते चहा-जेवणाचे तीन उरले. मला वाटलं, पठ्ठ्याने मन घट्ट केलं, आता होईल ते होवो म्हणून बसणार गाडीत. मी मूर्खासारखी शाबासकी देत होते. त्यांनी थिंफू पार केलं, ढाका पार केलं, आणि कागदाच्या तळाशी आले. तिथे एक चौकट होती: प्रवासी संख्या, चार. चारावर त्यांनी बारीक रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिलं.

मी गप्प झाले. माझ्या बाबतीत ही घटना आहे.

मावशींना त्यांनी त्या दुपारी सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं. एवढंच माहीत आहे की मावशी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उन्हात सुकट वाळत घातली, आणि मी जिना उतरत होते तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "तिघांचीच करतंय."

शिक्क्याचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. मिळाला. एक नाही, चार मिळाले: जाताना आपला आणि त्यांचा, येताना त्यांचा आणि आपला. बांगलादेशच्या नाक्यावर पहिला शिक्का पुसट उमटला, तर मावशींनी पासपोर्ट परत खिडकीतून आत सरकवला आणि त्या साहेबाला आपल्या भाषेत सांगितलं, "निट मार रं बाबा, दिसत नाय." चाचा सांगतात, साहेबाला शब्द एक कळला नाही, पण त्याने मारला. रोज प्रत्येक थांब्यावरून त्या फोन करत, आणि इकडे कंट्रोलर फोनपाशी बसून आगमन-निर्गमन लिहीत. काठमांडूला गाडी वेळेच्या सहा मिनिटं आधी पोचली, तर त्यांनी चाचांना फोनवर झापलं. गाडीने वेळेआधी पोचणं हाही गुन्हाच, म्हणे.

पण मला सारखी आठवते ती निघायची सकाळ.

सुटण्याची वेळ पाच चाळीस. मोठी पाटी परत भिंतीवर चढली होती. जीपच्या टपावर ताडपत्री, पुढे चाचा, मागे चाची, आणि चाचांच्या शेजारी, खिडकीपाशी, मावशी, इस्त्रीच्या साडीत. कंट्रोलरनी जुना खाकी शर्ट घातला होता. फाटकापाशी वीस-पंचवीस माणसं तरी असतील. माझ्या पत्रकाने गाव जागं केलं होतं. गाडी खरंच सुटते का बघायला आले होते सगळे. स्टँडवरचे दोन-तीन जुने चेहरेही होते.

गर्दीत आमच्या गल्लीतले एक गृहस्थ होते, मुंबईहून नव्याने राहायला आलेले, हातात दुधाची पिशवी. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय कंट्रोलर, बायकोला धाडलंत आणि स्वतः घरी मजेत? आम्ही तर वाचलं होतं की तुम्हीच अडवून धरलंय."

माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार. मी पाऊलही पुढे टाकलं. जीपमधून मावशींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

कंट्रोलरनी घड्याळ बघितलं. मग मान वर केली आणि बोलले. त्यांचा भोंग्यावरचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. सपाट, मोकळा, शेवटच्या फलाटापर्यंत जाणारा.

"सर्वांनी नोंद घ्यावी," ते म्हणाले. "मला गाडी लागते. म्हणून मी जात नाही."

 दुधाच्या पिशवीवाल्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मावशींनी पदर तोंडाशी धरला होता.

चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब," म्हणाले, "एक बोलू? रागावू नका. डेपोला सगळ्यांना माहीत होतं."

कंट्रोलर त्यांच्याकडे वळले. "काय?"

"तुमी हजर झाले त्याच वर्षापासून. अलिबागची गाडी, वडखळ नाका. तुमाला वाटलं, कोणी बघितलं नाही. कंडक्टरने बघितलं. खुदा कसम, संध्याकाळपर्यंत कँटीनलापण माहीत."

मागे उभे असलेले स्टँडवरचे जुने लोक जमिनीकडे बघत होते. त्यातल्या एकाने मान हलवली.

"तीस वर्षं," कंट्रोलर म्हणाले. "आणि एकजण बोलला नाही?"

"कोण बोलणार?" चाचा म्हणाले. "ड्यूट्या तुमी लावत होते. बोलून महाडची मुक्कामाची ड्यूटी घ्यायची कोणी?"

पहिल्यांदा मावशी हसल्या. पदराआडून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग स्टँडवाले हसले, चाची हसल्या, शेवटी ते पिशवीवाले गृहस्थसुद्धा, जरा ओशाळून. कंट्रोलर त्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत उभे होते, जणू प्रत्येकाची हजेरी घेतायत. पाच चाळीस उलटून तीन मिनिटं झाली होती. ते हसले सगळ्यात शेवटी. मग त्यांनी हात वर केला, आणि चाचांनी पहिला गिअर टाकला.